मोकळी झालेली जमीन

व्यापारी घरात धान्याची पारख उपजत असते. मूठभर ज्वारी तळहातावर घेतली की ती किती वाळलेली आहे, तिच्यात किती खडा आहे, ती गेल्या हंगामातली की यंदाची, हे न बोलता ओळखणारी माणसे आजही आडतीवर भेटतात. ज्या मातीतून ते धान्य आले तिची पारख मात्र आपल्या घरांतून फारशी झाली नाही. यामागे केवळ धंद्याची सोय नव्हती. श्रावकाच्या सातव्या व्रतात जी पंधरा कर्मादाने टाळण्यास सांगितली आहेत, त्यांत जमीन फोडण्याचे स्फोटकर्म आहे, रान पेटवण्याचे दवदान आहे आणि विषाचा व्यापारही आहे. मातीत हात घालायचा म्हणजे पृथ्वीकायाची विराधना आणि तिच्या आश्रयाने राहणाऱ्या असंख्य त्रस जीवांची हिंसा, ही जाणीव पिढ्यान्पिढ्या रुजली.

याच परंपरेची दुसरीही एक बाजू आहे. असि, मसि आणि कृषी ही जीवनाची साधने मानवाला प्रथम तीर्थंकर ऋषभदेवांनी शिकवली, अशी श्रद्धा आहे. भगवान महावीरांचा श्रावक आनंद याने परिग्रहाची मर्यादा घेतली तेव्हा जमिनीची मर्यादा पाचशे नांगरांची ठेवली, असे उपासकदशांग सूत्रात आले आहे. सांगली-कोल्हापूर भागात आजही शेतीवर जगणारी जैन कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. तेव्हा माती कसावी की नाही, एवढाच प्रश्न नाही. कसायची झाल्यास ती कशी, हा प्रश्न अधिक अवघड आहे. श्रीरामपूरच्या एका भुसार व्यापारी कुटुंबात हा प्रश्न घरामागच्या जागेवरून उभा राहिला.

घरामागे जुने पत्र्याचे गोदाम होते आणि त्याच्यापुढे धान्य वाळवण्याचे मोकळे खळे. दुकान बाजार समितीच्या आवारात गेल्यापासून गोदाम पडून होते. चैत्रात ते उतरवले गेले. चाळीस फूट लांब आणि तीस फूट रुंद अशी जागा मोकळी झाली. मुलाचा विचार सरळ होता: फरशी घालावी, दोन गाड्या उभ्या राहतील. सुनेच्या मनात भाजीपाला होता. बाजारातली भाजी किती फवारणीतून येते हे ती रोज ऐकत होती, आणि भाजी कोणत्या दिवशी तोडायची हे आपल्या हाती असावे असेही तिला वाटत होते.

घरातल्या वडीलधाऱ्या दादीजींना दोन्ही विचार रुचले नाहीत. फरशी घालणे त्यांना निरर्थक वाटे आणि जमीन उकरणे अधर्म्य. साठ वर्षांत त्यांनी कंदमूळ तोंडात घातले नव्हते. सून त्यांना एवढेच म्हणाली, "बाई, बाजारातल्या दुधीखालची जमीनही कोणीतरी फोडलेलीच असते. आपल्याला ती दिसत नाही, इतकेच."

दादीजींनी लगेच उत्तर दिले नाही. दोन दिवसांनी सामायिक आटोपल्यावर त्या म्हणाल्या, "दिसत नाही म्हणून दोष लागत नाही, असे मी कधी म्हटले? पण जे दिसते तिथे हात आवरता येतो. तिकडे कोण आवरणार? होऊ दे मग आपल्या डोळ्यांसमोर."

गावात विराजमान असलेल्या साध्वीजींना विचारावे असे मुलाने सुचवले. जमीन खणा किंवा बाग करा, असे साधू-साध्वी कधीच सांगणार नाहीत, कारण आरंभ-समारंभाची अनुमोदनाही त्यांना वर्ज्य असते. हे दादीजी जाणून होत्या. त्या दर्शनाला गेल्या, परंतु बागेचा विषय काढला नाही. गृहस्थाच्या कामाचा भार गृहस्थानेच उचलायचा असतो, असे त्यांचे म्हणणे पडले.

शास्त्रकारांनी हिंसेचे जे चार प्रकार सांगितले आहेत त्यांचा येथे उपयोग होतो. ठरवून केलेली ती संकल्पी हिंसा, घरकामात घडणारी आरंभी, उपजीविकेच्या कामात घडणारी उद्योगी आणि संरक्षणार्थ घडणारी विरोधी. यांपैकी संकल्पी हिंसेचा त्याग गृहस्थाने करायचाच आहे. उरलेल्या तिन्हींतून तो पूर्णपणे सुटू शकत नाही, पण जयणेने त्या कमी करणे त्याच्या हाती असते. जयणा म्हणजे सावधपणे, पाहून, आवश्यक तेवढेच करणे. वैशाखापासून पुढे त्या जागेवर जे काम झाले त्याची कसोटी हीच राहिली.

पहिले काम राडारोडा उचलण्याचे होते. जेसीबी अर्ध्या तासात सगळे साफ करून देईल, असे ठेकेदार म्हणत होता. तसे झाले असते तर दगडमातीबरोबर वरची सुपीक मातीही गेली असती आणि यंत्राच्या वजनाने खालची जमीन आणखी घट्ट झाली असती. म्हणून काम हातांनी करायचे ठरले. रोज सूर्योदयानंतर, नीट उजेड झाला की दोन तास. प्रत्येक वीट उचलण्यापूर्वी ती काठीने हलकेच हलवायची, खाली विंचू किंवा पाल असेल तर तिला जायला वेळ द्यायचा, मुंग्या अंडी घेऊन निघाल्या असतील तर तो ढीग दोन दिवस तसाच ठेवायचा. हे काम सव्वा महिना चालले. विटांना चिकटलेला चुना आणि सिमेंटचे गिलावे वेगळे काढून टाकण्यात आले, कारण ते मातीत मिसळले की मातीचा अल्कधर्मीपणा वाढतो आणि त्या भागातील काळी जमीन मुळातच त्या बाजूला झुकलेली असते.

हे चालू असताना दादीजींना एक जुनी गोष्ट आठवली आणि तिने सगळा आराखडा बदलला. गोदामात पोत्यांच्या थप्पीखाली आणि भिंतींच्या कडेने एक उग्र, कुबट वासाची पांढरी पावडर टाकली जात असे. किडे-सोंड्यांसाठी ती दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी येई. घरात तिला गॅमेक्सीन म्हणत. ती बीएचसी होती, म्हणजे बेंझीन हेक्झाक्लोराइड. त्या काळी ती असंख्य गोदामांतून वापरली जाई आणि तिच्यात काही गैर आहे असे कोणाला वाटत नसे. भारतात तिच्यावर 1997 साली बंदी आली. परंतु बंदीमुळे जमिनीत आधी मुरलेले द्रव्य नाहीसे होत नाही. या वर्गातील क्लोरीनयुक्त कीटकनाशके मातीत दीर्घकाळ टिकतात, प्राण्यांच्या चरबीत साठतात, आणि भोपळ्याच्या कुळातील काही वेली अशी द्रव्ये मुळांवाटे शोषून घेतात असे आढळलेले आहे.

कृषी खात्याच्या मृदा आरोग्य पत्रिकेत मातीचे बारा गुणधर्म तपासले जातात. त्यांत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश आणि गंधकासह इतर अन्नद्रव्ये येतात. कीटकनाशकाचा अंश त्यात तपासला जात नाही. त्यासाठी वेगळी आणि महागडी चाचणी लागते. ती करण्यापेक्षा कुटुंबाने सोपा निर्णय घेतला: जिथे गोदामाची जमीन होती त्या वीस फुटांवर खाण्याचे काहीही लावायचे नाही. तिथे मोगरा, तगर आणि कडेने कडुनिंब. भाजी फक्त खळ्याच्या बाजूला. ज्यांच्या घरी जुनी गोदामे पाडून बाग करण्याचा विचार आहे, त्यांनी घरातल्या वृद्धांना हा एक प्रश्न अवश्य विचारावा. मोकळी केलेली जमीन कोरी नसते. आपल्या वाडवडिलांनी तिथे काय टाकले, काय सांडले, काय मारले, हे ती सांभाळून ठेवते. दादीजींनी यात कोणाला दोष दिला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र त्या स्वतः खळ्याच्या कडेला उभ्या राहिल्या आणि गोदामाची जुनी भिंत कुठवर होती ती रेघ त्यांनी काठीने आखून दिली.

उरलेल्या वीस बाय तीस फुटांची पारख मग सुरू झाली. ती धान्याच्या पारखीहून फार निराळी नाही. पोत्यातून नमुना काढावा तसा आठ-दहा ठिकाणांहून मातीचा नमुना घ्यायचा: इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा, पंधरा ते वीस सेंटिमीटर खोल खड्डा करून त्याच्या बाजूची माती तासून घ्यायची, सगळी एकत्र करून तिचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, पुन्हा चार भाग करायचे, आणि शेवटी अर्धा किलो उरली की ती सावलीत वाळवून तपासणीला द्यायची. झाडाखालची, शेणाच्या ढिगाजवळची किंवा नुकते खत घातलेली माती यात येता कामा नये. शेजारच्या राहुरी येथे 1968 साली स्थापन झालेले महात्मा फुले कृषी विद्यापीठ असल्याने त्या भागात माती तपासण्याची सोय सहज होते. सामू आठच्या पुढे आणि सेंद्रिय कर्ब कमी, असा अहवाल आला. बरीच वर्षे तुडवल्या गेलेल्या खळ्याकडून याहून वेगळी अपेक्षाही नव्हती.

घरच्या घरी करण्याच्या दोन परीक्षा अहवालाइतक्याच उपयोगी पडल्या. एका काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती आणि उरलेले पाणी घालून ती हलवून ठेवली. वाळू मिनिटभरात खाली बसली, गाळ काही तासांत. पण पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळच होते. म्हणजे चिकणमाती भरपूर. दुसरी परीक्षा निचऱ्याची. फूटभर खोल खड्डा पाण्याने भरला, ते जिरू दिले, पुन्हा भरला आणि तासाभरात पाणी किती उतरते ते पाहिले. ते इंचभरही उतरले नाही. अशा जमिनीत सपाट वाफे केले असते तर श्रावणात मुळे कुजली असती. म्हणून चार फूट रुंद आणि बारा फूट लांब असे सहा गादीवाफे करायचे ठरले. मध्ये दीड-दोन फुटांच्या वाटा. चार फुटांचे कारण साधे आहे: दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोहोचतो आणि वाफ्यावर कधीच पाय द्यावा लागत नाही. माती दबत नाही आणि पायाखाली जीवही येत नाही.

खरा पेच आला तो तणांचा. खळ्याच्या कडेने गाजरगवत माजले होते, मध्ये हराळी, आणि सगळीकडे लव्हाळा. गाजरगवत पुण्यात 1950च्या दशकात प्रथम नोंदले गेले आणि तेथून देशभर पसरले. ते फुलण्याआधी, हातमोजे घालून, ओल्या जमिनीतून मुळासकट निघते. लव्हाळ्याचे तसे नाही. त्याच्या मुळांना जमिनीखाली माळेसारख्या गाठी असतात, आणि कुदळीने माळ तुटली की प्रत्येक गाठ नवे रोप होते. शेजाऱ्यांनी तीन उपाय सांगितले: वाळलेले पेटवून द्या, तणनाशक मारा, किंवा वैशाखाच्या उन्हात प्लॅस्टिक अंथरून जमीन तापवा. तिन्ही उपाय प्रचलित आहेत आणि आपापल्या परीने कामही करतात. पण तिन्हींमध्ये जमिनीवरचे आणि जमिनीतले जे काही जिवंत आहे ते सरसकट मारण्याचीच कल्पना आहे. ते येथे होणार नव्हते.

यावर घरात शांतपणे, पण बरेच दिवस बोलणे झाले. लव्हाळ्याची गाठ म्हणजे कंदच. जो कंद अनंतकाय म्हणून आयुष्यभर ताटात येऊ दिला नाही तो आता हाताने उपटून उन्हात टाकायचा का, असे दादीजींनी विचारले. सुनेने कृषी पुस्तिकांतून शोधून काढले की लव्हाळ्याला सावली सोसत नाही. वर दाट पीक वाढले की तो दुबळा होतो. तेव्हा खणून काढण्याऐवजी त्याची पाती जमिनीलगत कापायची आणि वर सावली धरायची असे ठरले. दादीजींनी त्याला संमती दिली, पण स्वतःची फसवणूक करून घेतली नाही. "यातही तो जीव क्षीण होणारच," त्या म्हणाल्या. "आपण हिंसा टाळली असे कोणी म्हणू नका. कमी केली, एवढेच म्हणा."

मृगाचे दोन पाऊस झाले आणि जमीन सैल करण्याची वेळ आली. काळ्या जमिनीत वाफसा ओळखणे हेच अर्धे काम आहे. माती मुठीत दाबून गोळा करावा आणि अंगठ्याने दाबावे. गोळा फुटून भुगा झाला तर वाफसा आहे; चेंडूसारखा चिकटून राहिला तर थांबावे. चिखलात अवजार घातले की पुढे महिनोन्महिने न फुटणारी ढेकळे होतात, आणि अगदी वाळलेल्या जमिनीत ते शिरतच नाही. येथे नांगरट झाली नाही. मुलाने आणि एका मजुराने वीतभर अंतरावर पहार रोवून ती मागे-पुढे झुलवली, म्हणजे माती न उलटता खालपर्यंत भेगा पडल्या. मग वाटांमधली वरची माती खोऱ्याने उचलून वाफ्यांवर टाकली, त्यामुळे वाफे सहा इंच उंच झाले.

माती न उलटण्याला केवळ धार्मिक कारण नाही. मातीच्या वरच्या थरातले जीव आणि खालच्या थरातले जीव वेगळे असतात. उलथापालथ झाली की दोघांचेही ठिकाण हरवते. चार्ल्स डार्विनने 1881 साली गांडुळांवर एक पूर्ण ग्रंथ प्रसिद्ध केला. इंग्लंडच्या अनेक भागांत दर एकरी दर वर्षी दहा टनांहून अधिक माती गांडुळांच्या शरीरातून जाते, असा त्याचा हिशेब होता. हे काम माणसाच्या कुदळीने होणारे नाही, कुदळ त्यात अडथळाच आणते. आपल्याकडे पावसाळ्यात गांडुळे वर येतात आणि उन्हाळ्यात खोल जातात. म्हणून पावसात जितके कमी खणावे तितके जीव वाचतात आणि तितकी जमीनही लवकर सुधारते. जयणा आणि शेतकी यांचे मत सगळीकडे जुळते असे नाही, पण येथे ते जुळते.

मातीला आता अन्न हवे होते. ओला कचरा साचवून कुजवणे या घरात वर्ज्य, त्यामुळे शेजारच्या गोठ्यातले वर्षभर मुरलेले शेणखत घेतले. ताजे शेण घातले असते तर हुमणी आली असती आणि उष्णतेने रोपे करपली असती. अठ्ठेचाळीस चौरस फुटांच्या एका वाफ्यावर दोन इंचांचा थर द्यायला आठ घनफूट खत लागते, सहांना अठ्ठेचाळीस. हा हिशेब आडतीवरच्या मुनीमजींनी करून दिला. खतावर दुकानातले जुने तागाचे बारदान अंथरले आणि त्यावर वाळलेला पालापाचोळा. ज्या बारदानाला किडीच्या औषधाचा स्पर्श झाला असण्याची शक्यता होती, ते आधीच बाजूला काढले. पालापाचोळा मातीत मिसळला नाही, वरच ठेवला, कारण सुका पाला मातीत गाडला की तो कुजताना मातीतलेच नत्र ओढून घेतो.

सहापैकी तीन वाफ्यांवर भाजी लावलीच नाही. तिथे बारदानाऐवजी शंभर ग्रॅम तागाचे बी दाट फेकले. तागाने लव्हाळ्यावर सावली धरली, मुळांवरच्या गाठींतून जमिनीला नत्र दिले, आणि पंचेचाळीस दिवसांनी फुलावर येताच तो विळ्याने कापून जागच्या जागी पसरला. मुळे जमिनीतच राहिली. व्यापारी भाषेत बोलायचे तर अर्धी जागा पहिल्या हंगामात नफ्यासाठी नव्हतीच. ती भांडवल उभे करण्यासाठी होती. मुलाला हे बागेतल्या इतर कोणत्याही गोष्टीपेक्षा लवकर पटले.

उरलेल्या तीन वाफ्यांत बारदानाला भोके पाडून भेंडी, गवार, चवळी आणि थोडे टोमॅटो लावले. नव्या जमिनीत गवार आणि चवळी भरवशाच्या ठरतात. टोमॅटोची वरची पाने पिवळी पडली, चुनखडीच्या जमिनीत लोह उपलब्ध होत नाही त्याचे हे लक्षण. आषाढात ओल्या बारदानाखाली गोगलगायी झाल्या. दादीजी रोज सकाळी सुपलीत पाने घेऊन बसत, एकेक गोगलगाय अलगद पानावर घेत आणि कुंपणापलीकडच्या ओसाड जागेत सोडून येत. त्यातल्या काही परत येत असणार. तरीही भाद्रपदापर्यंत हे काम एक दिवसही चुकले नाही.

पहिल्या वर्षीचे उत्पन्न थोडेच होते. आठवड्यातून तीन वेळची भाजी सुटे, त्याहून अधिक नाही. खताचा, मजुरीचा आणि बियाण्याचा खर्च धरला तर भाजी बाजारापेक्षा महागच पडली, आणि मुनीमजींनी ते स्पष्टपणे लिहून ठेवले. अष्टमी-चतुर्दशीला हिरवे तोडले जात नसे.

मग पर्युषण आले. भेंडी दोन दिवसांआड तोडावी लागते, नाही तर ती निबर होते. आठ दिवस वाफ्याला कोणाचा हात लागला नाही. संवत्सरीनंतर पाहिले तेव्हा झाडांवर वीत-वीतभर लांब, लाकडासारख्या कडक शेंगा लटकत होत्या. भाजीच्या दृष्टीने त्या वाया गेल्या होत्या. पण बियाणे संकरित नव्हते, सरळ वाणाचे होते. त्यामुळे शेंगा झाडावरच वाळू दिल्या आणि आश्विनात त्यांतले बी काढून डब्यात भरले. पुढच्या वर्षीचे भेंडीचे बी त्यामुळे विकत आणावे लागले नाही, आणि दोन शेजारघरांनाही पुरले.

बागेची जमीन एका हंगामात तयार होत नाही. काळ्या, दबलेल्या खळ्याला भुसभुशीत व्हायला काही वर्षे लागतात, आणि दर वर्षी वरून खत-पाला देत राहणे हाच त्यावरचा उपाय आहे. लव्हाळा अजून आहे, पण विरळ. ज्यांच्या घरामागे अशी एखादी जागा मोकळी होणार आहे त्यांनी कुदळ उचलण्यापूर्वी तिच्याजवळ काही दिवस नुसते बसावे: पाणी कुठे साचते, मुंग्यांची वाट कुठून जाते, तिथे पूर्वी काय ठेवले जाई, हे पाहावे आणि विचारावे. घाईने साफ केलेल्या जमिनीत ही उत्तरे सापडत नाहीत. गोदामाच्या बाजूला आता मोगरा फुलतो. ती रेघ मात्र दर वर्षी पावसाळ्यापूर्वी पुन्हा आखली जाते आणि तिच्या पलीकडे खाण्याचे काही लावले जात नाही.